पंखाच्या नाकाचे पहिले दहा मिलिमीटर

मॉडेल विमानाच्या २०० मिलिमीटर कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) पंखात लीडिंग एजचे, म्हणजे पुढच्या कडेचे किंवा नाकाचे, पहिले दहा मिलिमीटर जेमतेम पाच टक्के. पण पंख कोणत्या कोनाला स्टॉल होणार (हवा पृष्ठभाग सोडून लिफ्ट कोसळणार), आणि होताना हळू मान टाकणार की धाडकन एका बाजूला पडणार, याचा बराचसा निकाल या पाच टक्क्यांतच लागतो. बांधणीत सगळ्यात जास्त बिघडतात तेही हेच दहा मिलिमीटर. फाइलमधले बिंदू, कॅडमधली (संगणकावरच्या आराखड्यातली) रेषा, गरम तार, पॉलिश पेपर, वरचं आवरण, प्रत्येक टप्प्यावर नाक थोडं थोडं जातं. आणि बहुतेक वेळा ते एकाच दिशेला जातं, टोकदारपणाकडे. म्हणून या चुका एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते.

हिशेब सोपा राहावा म्हणून नॅका ००१२ घेऊ, अमेरिकेच्या नॅका या तेव्हाच्या विमान-संशोधन संस्थेचं एक प्रोफाइल (पंखाच्या छेदाचा आकार). कॅम्बर (मध्यरेषेचा बाक) नाही, जाडी १२ टक्के. मॉडेल विमानाच्या शेपटीला हे प्रोफाइलही वापरतात. नाकापासूनचं अंतर क्ष, अर्धी जाडी य, दोन्ही कॉर्डच्या पटीत, आणि कमाल जाडी ज (इथे ०.१२):

य = ५ज (०.२९६९√क्ष − ०.१२६०क्ष − ०.३५१६क्ष² + ०.२८४३क्ष³ − ०.१०१५क्ष⁴)

जेकब्स, वॉर्ड आणि पिंकर्टन यांनी १९३३ साली ७८ प्रोफाइलांच्या चाचण्यांचा अहवाल काढला, त्यातलं हे सूत्र. क्लार्क वाय आणि गॉटिंगेन ३९८ ही तेव्हाची दोन नावाजलेली प्रोफाइलं. त्यांचा कॅम्बर काढून टाकला आणि जाडी सारखी केली, तर दोघांचे आकार जवळजवळ एकच निघतात. त्या आकाराला हे पाच पदांचं सूत्र बसवलेलं आहे.

यातलं नाक घडवणारं पद एकच, वर्गमुळाचं. क्ष शून्याजवळ गेला की बाकीची चार पदं नगण्य होतात आणि उरतो पॅराबोला. त्याच्या टोकाची वक्रता-त्रिज्या काढली की नेहमीचं सूत्र मिळतं: त्रिज्या = १.१०१९ × ज² × कॉर्ड. १२ टक्क्यांना ती कॉर्डच्या १.५९ टक्के येते, म्हणजे २०० मिमीला ३.१७ मिमी. जाडी ९ टक्के केली तर १.७९ मिमी आणि ६ टक्के केली तर जेमतेम ०.८ मिमी. जाडी अर्धी झाली की त्रिज्या पाव होते, हे डोक्यात ठेवायला हवं, कारण पातळ प्रोफाइलचा पंख बांधताना लोक बाकीच्या मापांच्या सवयीने नाकही ‘साधारण अर्धं’ करतात. तुलनेसाठी लंबवर्तुळ घ्या. तेवढ्याच जाडीच्या लंबवर्तुळाच्या टोकाची त्रिज्या ०.५ × ज² असते. म्हणजे नॅकाचं नाक त्याच्या दुपटीहूनही बोथट आहे. नजरेच्या अंदाजाने घासलेलं नाक लंबवर्तुळाकडे झुकतं, म्हणजे हवं त्यापेक्षा टोकदार होतं, त्यामागे हे एक कारण असावं.

त्रिज्या दिली म्हणजे नाक वर्तुळाचं आहे, ही समजूत मात्र चुकीची. वर्तुळ प्रोफाइलला फक्त टोकाजवळ चिकटून राहतं. कॉर्डच्या ०.२ टक्के अंतरावर, म्हणजे आपल्या पंखात ०.४ मिमी मागे, दोघांत ०.०२ मिमीचा फरक असतो. तो सोडून द्यावा. ०.५ टक्क्याला फरक ०.१३ मिमी होतो. त्रिज्येइतकं मागे गेलं की वर्तुळाची अर्धी उंची ३.१७ मिमी असते, पण प्रोफाइलची ४.२४. वर्तुळ सतत आत राहतं. त्यामुळे रेडियस गेज (गोलाई मोजायची पट्टी) लावून त्या गोलाईत नाक बसवलं, तर दोन्ही खांद्यांवरचं लाकूड निघून जातं. शिवाय जिथे वर्तुळ संपून बाकीची रेषा सुरू होते तिथे स्पर्शरेषा जुळली तरी वक्रता उडी मारते. बोटाला ती उडी लागत नाही, पण दाबाच्या आलेखात तिथे खड्डा किंवा शिंग दिसतं.

कॅम्बर असलेल्या प्रोफाइलात नाक खाली झुकलेलं असतं. नॅका २४१२ मध्ये कॅम्बर रेषेचा सुरुवातीचा चढ ०.१, म्हणजे दहा मिलिमीटरला एक, कोनात ५.७ अंश. ४४१२ मध्ये दुप्पट चढ. नाकाच्या वर्तुळाचं केंद्र या तिरक्या रेषेवर, टोकापासून त्रिज्येइतकं मागे येतं. त्यामुळे नाक कॉर्डच्या शून्य बिंदूच्याही किंचित पुढे डोकावतं, पण २४१२ मध्ये हे डोकावणं ०.०२ मिमीच्याही आत असतं. लक्ष द्यायचं ते झुकण्याकडे, डोकावण्याकडे नाही. नॅकाच्याच ६-मालिकेतल्या प्रोफाइलांच्या कॅम्बर रेषांचा चढ टोकाला सैद्धांतिकदृष्ट्या अनंत होतो, म्हणून तिथे ०.५ टक्क्यावरचा चढ घ्यायची पद्धत आहे.

आता हे सगळं इतकं का जपायचं? पंखाचा कोन वाढला की हवा विभागण्याचा बिंदू नाकाच्या खालच्या बाजूला सरकतो आणि वर जाणाऱ्या हवेला नाकाला वळसा घालावा लागतो. त्या वळणावर वेग प्रचंड वाढतो आणि दाब पडतो. पॅराबोलाच्या साध्या सिद्धान्तात दाबाचा हा खड्डा कोनाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि नाकाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात खोल होतो. त्रिज्या निम्मी केली की त्याच कोनाला खड्डा दुप्पट. त्या खड्ड्यातून वर येताना सीमास्तराला (पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराला) वाढत्या दाबाविरुद्ध चढायचं असतं, आणि चढ जितका उभा तितक्या लवकर तो पृष्ठभाग सोडतो.

मॅकलॉ आणि गॉल्ट यांनी १९५१ साली स्टॉलचे तीन प्रकार मांडले. जाड प्रोफाइलात विलगता (हवेने पृष्ठभाग सोडणं) मागच्या कडेकडून हळूहळू पुढे सरकते. त्यांच्या उदाहरणांत १८ टक्के जाडीचं प्रोफाइल असं वागतं. मध्यम जाडीच्या, ९ आणि १२ टक्क्यांच्या ६३-मालिकेतल्या प्रोफाइलांत नाकाजवळचा छोटा बुडबुडा (हवा सुटून पुन्हा चिकटते तो भाग) अचानक फुटतो आणि लिफ्ट एकदम कोसळते. फार पातळ, ६ टक्क्यांच्या प्रोफाइलात बुडबुडा लहान कोनापासूनच मागे लांबत जातो. मॉडेल उडवणाऱ्याला धोका मधल्या प्रकाराचा. १२ टक्क्यांचा पंख नाक घासून टोकदार केला की तो सूचना न देता सोडणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसतो. त्यातून आपला वेग कमी. मुंबईच्या ३० अंशांच्या हवेत २०० मिमी कॉर्डचा पंख सेकंदाला १२ मीटरने गेला तर रेनॉल्ड्स संख्या (वेग गुणिले कॉर्ड, भागिले हवेचा चिकटपणा) दीड लाखाच्या आसपास येते, आणि एवढ्याशा संख्येला बुडबुडा मुळातच लांब आणि नाजूक असतो.

गॉल्ट यांनीच १९५७ साली स्टॉलचा प्रकार ओळखायला रेनॉल्ड्स संख्येबरोबर एकच भौमितिक माप वापरलं, कॉर्डच्या १.२५ टक्क्यावरची वरच्या पृष्ठभागाची उंची. बांधणाऱ्याच्या दृष्टीने हे फार सोयीचं माप आहे. त्रिज्या मोजता येत नाही, उंची मोजता येते. ते कसं, ते पुढे येईलच.

पहिली गळती फाइलमध्ये होते. जुन्या छापील तक्त्यांत शून्यानंतरचा पहिला बिंदू थेट १.२५ टक्क्यावर असतो, म्हणूनच तक्त्याखाली नाकाची त्रिज्या वेगळी लिहिलेली असते. ती न वाचता बिंदू सरळ रेषांनी जोडले तर ००१२ च्या नाकावर चक्क पाचर तयार होते. कॉर्डच्या ०.३१ टक्क्याजवळ खरी अर्धी उंची ०.९७ टक्के असते आणि सरळ रेषा देते ०.४७. आपल्या पंखात हा फरक एका बाजूला पूर्ण एक मिलिमीटर. सूत्र हाताशी असेल तर बिंदू स्वतःच काढावेत आणि कोसाइन अंतर ठेवावं: क्ष = (१ − कोसाइन β) ÷ २, β पाच-पाच अंशांनी वाढवत. पहिला बिंदू ०.१९ टक्क्यावर येतो आणि नाकाजवळ आपोआप गर्दी होते.

इंटरनेटवरच्या फाइली दोन ढंगांच्या असतात. सेलिग ढंगात बिंदू मागच्या कडेपासून वरून नाकापर्यंत येतात आणि खालून परत जातात. लेडनिसर ढंगात वरची बाजू आणि खालची बाजू वेगळी, दोन्ही नाकापासून सुरू, आणि दुसऱ्या ओळीत बिंदूंची संख्या. ती संख्येची ओळ निर्देशांक समजून वाचली गेली की पंखाला शंभर कॉर्ड लांबीची शेपूट फुटते. ती चूक निदान लगेच दिसते. खरी फसवणूक लेडनिसर फाइलच्या दोन बाजूंचे दोन वेगळे स्प्लाइन (बिंदूंतून जाणाऱ्या गुळगुळीत रेषा) काढल्यावर होते. नाकाशी दोन्हींची स्पर्शरेषा उभी असायला हवी, पण कॅड ती आपल्या मनाने ठरवतं आणि टोकाला हलकीशी चोच येते. उपाय दोन. एक तर सगळे बिंदू एकाच स्प्लाइनमध्ये ओवायचे, नाहीतर दोन्ही स्प्लाइनना टोकाला कॅम्बर रेषेच्या काटकोनातली स्पर्शरेषा सक्तीने द्यायची. मग कॅडमधली वक्रतेची कंगव्यासारखी रेघ चालू करून पाहावी. नाकाशी एकच उंच, गुळगुळीत डोंगर दिसला पाहिजे. दोन शिखरं दिसली तर बिंदू वाईट आहेत.

एक्सफॉइल (प्रोफाइलभोवतीच्या हवेचा हिशेब करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर फाइल उघडताच तो शेजारच्या पॅनलांमधला, म्हणजे रेषेच्या छोट्या सरळ तुकड्यांमधला, जास्तीत जास्त कोन सांगतो. ४० अंशांपलीकडे गेला की ताकीद देतो. ताकीद आली की लोक ‘पेन’ आज्ञा देऊन पॅनल नव्याने पाडतात आणि खूश होतात. पण मूळ बिंदू विरळ असतील तर नवी पॅनलं त्या चुकीच्या स्प्लाइनवरच पडतात, ताकीद जाते आणि चूक राहते. मात्र टोकदार नाकाचा परिणाम तपासायला हीच जागा उत्तम. ‘जीडेस’ मेनूत ‘लेरा’ ही आज्ञा नाकाची त्रिज्या हव्या त्या पटीत बदलते. ०.५ देऊन पाहा आणि आपल्या रेनॉल्ड्स संख्येला दोन्ही आलेख एकावर एक ठेवा.

पातळ बाल्साने (हलक्या लाकडाने) मढवायचा पंख असेल तर रिब (पंखाच्या आतला प्रोफाइलच्या आकाराचा तुकडा) आवरणाच्या जाडीइतकी आत सरकवून काढावी लागते. इथे एक सापळा आहे. दीड मिमी आत सरकवलं की ३.१७ मिमीच्या नाकाची त्रिज्या १.६७ उरते, तोवर ठीक. पण पंख टोकाकडे १२० मिमीपर्यंत निमुळता होत असेल तर तिथे मूळ त्रिज्याच १.९ मिमी आहे. तिथे दोन मिमी आत सरकवलं की रेषा स्वतःलाच छेदते आणि लेझर कटिंगवाला विचारतो हे काय आहे. अशा पंखात रिबचं नाक काढूच नये. रिब पाच टक्क्यांवर सरळ कापून पुढे लाकडाची पट्टी लावावी.

फोमच्या पंखालाही माझा सल्ला तोच. गरम तारेने नाक कापायच्या नादी लागू नये. सनमायकाचे साचे (फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही सोसायटीत सुताराकडे तुकडे पडलेले असतात), लोहार चाळीत हीटर कॉइलसाठी मिळते ती निक्रोमची तार आणि दोन माणसं, एवढ्यावर वरचा आणि खालचा पृष्ठभाग छान निघतो. तार लाल करायची नाही. कापल्यावर मागे केसासारखे बारीक धागे राहिले म्हणजे तापमान बरोबर. पण नाकाशी तार वळताना साच्यावरची टोकं क्षणभर थांबतात, तार थांबली की आजूबाजूचा फोम वितळत राहतो, आणि मधला भाग तर ताणामुळे मागे रेंगाळलेला असतो. परिणाम, पंखाच्या मध्यावर नाक वेगळं आणि दोन्ही टोकांना वेगळं. त्यापेक्षा पहिले दहा मिमी सरळ कापून टाकावेत आणि १० मिमी खोल, १५ मिमी उंच बाल्साची पट्टी चिकटवावी. पाच टक्क्यांवर प्रोफाइलची पूर्ण जाडी १४.२ मिमी आहे, म्हणजे घासायला थोडं उरतं.

पट्टीचा पुढचा चेहरा कॅम्बर रेषेला काटकोनात हवा. २४१२ असेल तर आधी त्याला तो दहाला एक असा कल द्यावा. चेहऱ्यावर मध्यरेषा बॉलपेनने आखायची आणि ती शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. मग गोलाई थेट घासायची नाही. रंधा आणि सपाट ठोकळ्याने ठरावीक कोनांचे सपाट छेद घ्यायचे, प्रत्येक छेद खऱ्या प्रोफाइलची स्पर्शरेषा असेल असे. सूत्रावरून १२ टक्के जाडी आणि २०० मिमी कॉर्डला हे छेद समोरच्या चेहऱ्यावर मध्यरेषेपासून कुठे यायला हवेत ते निघतं. कॅम्बर रेषेशी २२.५ अंशांचा छेद ३.२ मिमीवर, ४५ अंशांचा १.५ मिमीवर आणि ६७.५ अंशांचा ०.६ मिमीवर. दोन्ही बाजूंना या तीन-तीन रेषा आखायच्या, आधी २२.५ चा छेद त्याच्या रेषेपर्यंत, मग ४५ चा, मग ६७.५ चा. कॉर्ड बदलली की आकडे त्याच प्रमाणात बदलतात, १२० मिमीच्या टोकाला ते १.९, ०.९ आणि ०.४ होतील. निमुळत्या पंखात रेषा तिरक्या येतील, तशाच आखाव्यात. तिन्ही छेद झाले की उरतात फक्त बोथट कंगोरे. ते २४० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीसारखा कापून, बूट पुसतात तसा नाकावरून मागेपुढे ओढून मोडायचे आणि ४०० नंबरने संपवायचं. हा पेपर ठोकळ्यावर लावला तर नाकावर सपाटी येते, बोटाने दाबला तर लाटा येतात.

आता मोजणं. एक मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यात ७.५८ मिमी रुंद खाच कापा. १.२५ टक्क्याला पूर्ण जाडी तेवढीच आहे, म्हणून नाक त्या खाचेत बरोबर २.५ मिमी शिरलं पाहिजे. दुसरी खाच ४.८८ मिमी रुंद, तिच्यात नाक १ मिमी शिरायला हवं. ही दुसरी खाच टोकदारपणा पकडते. त्रिज्या निम्मी झाली असेल तर नाक तिच्यात जवळपास दोन मिमी जाईल. पहिली बरोबर आणि दुसरीत कमी शिरतंय, तर टोक सपाट झालंय. खाच मध्यरेषेवर सारखी बसते का तेही बघा, कारण उजव्या हाताने घासणारा माणूस एक बाजू नेहमी जास्त खातो. व्हर्नियर आणि बारीक कानस नागदेवी स्ट्रीटला मिळतात. खाचेची रुंदी व्हर्नियरने तपासल्याशिवाय गेजवर विश्वास ठेवू नये.

थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांसाठी थोडक्यात. एसटीएल (प्रिंटसाठीची आकाराची फाइल) काढताना विचलनाची मर्यादा ०.१ मिमी ठेवली तर ३.१७ त्रिज्येवर दीड मिमीच्या सपाट्या येतात, त्या उघड दिसतात. ०.०१ ठेवा, अर्ध्या मिलिमीटरवर येतील. पंख उभा छापायचा आणि थरांची शिवण (प्रत्येक थर सुरू होऊन संपतो ती जागा) हाताने मागच्या कडेला न्यायची. स्लाइसरवर (थर पाडणाऱ्या प्रोग्रामवर) सोडलं तर ती नाकावरही येऊ शकते, आणि नाकावरच्या शिवणीइतकी वाईट जागी दुसरी शिवण नाही.

फायबरग्लासचं कापड लावायचं असेल तर तिरकं, ४५ अंशांत कापून लावा. सरळ विणीचं कापड लहान त्रिज्येवर बसत नाही, उठतं, खाली हवा राहते, आणि घासताना तो फुगवटा कापला की नाक उघडं पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साबणपाण्याने स्कॉचब्राइट मारून धुवायचा आणि मगच पेपर लावायचा. न धुता घासलं तर पेपर भरतो, दाब वाढतो, आणि दाब वाढला की पहिल्यांदा नाकच जातं. बाल्साची पट्टीही या दिवसांत आडव्या तंतूंत फुगते. पावसाळ्यात गेजला बसवलेलं, सील न केलेलं नाक डिसेंबरात पुन्हा मोजावं लागेल.

दोन्ही पंख गेजला सारखे येत नसतील तर बरोबर पंख चुकीच्याशी जुळवायला बिघडवू नका. टोकदार नाकावर पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) पसरवा, वर सूक्ष्म-फुगे (बारीक पोकळ गोळ्यांची भुकटी) मिसळलेलं इपॉक्सी चढवा आणि छेद पुन्हा घ्या. वेळ कमी असेल तर निदान बाहेरचा एक तृतीयांश भाग दुरुस्त करा. आधी स्टॉल व्हायला हवं ते पंखाचं मूळ (विमानाच्या धडाजवळचा भाग), बाहेरचं टोक नाही. टोकाला कॉर्ड लहान म्हणून रेनॉल्ड्स संख्या कमी, त्रिज्या मिलिमीटरमध्ये लहान म्हणून घासण्याची चूक मोठी, आणि एलेरॉनही (विमान कलतं करणारी हलती झडप) तिथेच. मूळाजवळचं नाक थोडं टोकदार राहिलं तर चालेल. पूर्ण आकाराच्या काही विमानांवर मूळाजवळच्या लीडिंग एजला मुद्दाम त्रिकोणी पट्टी चिकटवलेली असते, ती याचसाठी.